आत्याबाईंची विलायती खरेदी

आत्याबाईंना एखादी वस्तू मनापासून आवडली की त्या तिच्याकडे पाठ फिरवून उभ्या राहत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या वऱ्हाडात सासूला आत्याबाई म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्यासोबत बोरी अरबच्या बाजारात गेले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. एक पितळी डबा मला आवडला. मी तो उचलला, फिरवून पाहिला आणि वर "किती सुरेख आहे" असंही म्हणून बसले. आत्याबाईंनी डबा माझ्या हातातून काढून खाली ठेवला आणि मला दंडाला धरून चार दुकानं पुढे नेलं. तिथे त्यांनी एका सुपाचा भाव विचारला, मग चाळणीचा, मग चक्क बैलाच्या दोरखंडाचा. परत फिरताना त्या डब्याच्या दुकानासमोर थांबल्या, डब्याकडे पाठ केली आणि दुकानदाराच्या मुलीच्या सोयरिकीची चौकशी करू लागल्या. थोड्या वेळाने डबा आमच्या पिशवीत होता आणि वरतून मागून घेतलेली एक पळीही होती.

घरी येताना त्यांनी मला सांगितलं, "जे घ्याचं हाय, त्याच्याकडं पाहाचं नाई. डोये लागले का भाव चढते."

मी यवतमाळची. वडील कोषागारात नोकरीला, घरात तीन पिढ्यांची कारकुनी. आमच्याकडे खरेदी म्हणजे दुकानात जायचं, भाव विचारायचा, मनात चरफडायचं आणि पैसे देऊन 'येतो हं' म्हणून बाहेर पडायचं. घासाघीस करणं आमच्या घरी असभ्य समजलं जाई. त्यामुळे आत्याबाईंसोबत बाजारात जाणं सुरुवातीला मला फार जड गेलं. त्या उंच, काटक, नऊवारी लुगडं नेसणाऱ्या, आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्यावर सहज पोचावा. बाजारात मात्र तोच आवाज त्या इतका खाली आणत की दुकानदाराला ऐकायला वाकावं लागे. वाकलेला माणूस लवकर कमी करतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या आणखी दोन सवयी सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. एक म्हणजे वरचं कधी घ्यायचं नाही. कापूस वेचायच्या दिवसांत वेचणाऱ्या बायांची गाठोडी त्यांच्यासमोर यायची, तेव्हा त्या कोपरापर्यंत हात आत घालून तळाचा कापूस बाहेर काढीत. ओला, किडका, मातीचा कापूस नेहमी तळाशी असतो. हा हात पुढे सगळीकडेच तळाशी जाऊ लागला. भाजीच्या ढिगात, तांदळाच्या पोत्यात, साड्यांच्या थप्पीत. लग्नात माहेराहून आलेली माझी बॅगसुद्धा त्यांनी तळापासून पाहिली, असं मी विलासला चिडवते, आणि त्याने ते आजवर नाकारलेलं नाही.

दुसरी सवय जोडीची. एकटा बैल कोणाच्या कामाचा नाही, म्हणून घरात यायचं ते दोन. झाडू दोन, कंदील दोन, मांजरीही दोन. कुणाच्या लग्नात एक भांडं द्यायची वेळ आली तर त्या स्वस्तातली दोन देत. मुलगेही त्यांना दोनच होते. थोरला विलास, माझा नवरा, शिकून संगणकाच्या नोकरीसाठी इंग्लंडला गेला आणि त्याच्या मागोमाग मी. धाकटा गजानन, सगळ्यांचा गजू, घरी राहिला होता. त्याला तिथेच ठेवायचं, हे आत्याबाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्याबद्दल पुष्कळ छापून आलं आहे, त्यात मी भर घालत नाही. आमच्या घरापुरता त्याचा अर्थ एवढाच, की नुसत्या शेतावर गजूचं भागणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, शेत बघत होते. गजूने दारव्ह्याला एसटी स्टँडच्या समोर एक खोली घेतली, दोन टीव्ही आणि दोन मशिनी मांडल्या आणि व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं. बसची वाट पाहणारी कॉलेजची पोरं तासावर खेळायची. वर्षभर बरं चाललं. मग कॉलेजच्या अगदी फाटकाशी दुसरं दुकान निघालं, त्यात नव्या मशिनी, नवे गेम, वर कूलर. गजूच्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. त्याचा एक मित्र पुण्याच्या कंपनीत लागला होता, तो बोलावत होता. गजूने फोनवर विलासला सांगितलं की दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर कुलूप लावून पुण्याला जातो. जमलं तर तिकडचे हे हे नवे गेम पाठव, म्हणून त्याने नावंही सांगितली.

विलास म्हणाला, पुणं काय वाईट आहे. आत्याबाई ते ऐकून शेताकडे निघून गेल्या. पण ज्या बाईने चार वर्षं 'तिकडं काय हाय, थंडीच हाय म्हन्ते' म्हणून आमचं बोलावणं परतवलं होतं, ती पेरणीच्या तोंडावर शेत मामाजींच्या गळ्यात घालून विमानात बसली. मला वाटलं, लेकाच्या ओढीने आल्या. घरात पाऊल ठेवल्यावर पाणी पिण्याआधी त्यांनी विचारलं, "सूनबाई, इथं बाजार कोन्या वारी असते?"

इंग्लंड त्यांना फारसं पटलं नाही. स्वच्छता आवडली, रस्ते आवडले, पण दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवलेली पाहून त्यांचा जीव उडाला. "इथं मानूस मानसाशी बोलतच नाई, चिठ्ठीच बोलते," असं त्या खिन्नपणे म्हणाल्या. सुपरमार्केटमध्ये त्यांनी बटाट्याच्या पिशव्यांच्या ढिगात खांद्यापर्यंत हात घातला आणि वरच्या पिशव्या गडगडत खाली आल्या. मी लाजेने अर्धी झाले. आत्याबाई शांतपणे तळाची पिशवी घेऊन पुढे गेल्या होत्या.

पहिल्याच शनिवारी विलास त्यांना गावातल्या मोठ्या गेमच्या दुकानात घेऊन गेला. गजूने सांगितलेली नावं घ्यायची, पैसे द्यायचे, अर्ध्या तासात घरी, असा त्याचा बेत होता. माझं माहेर त्याला मानवलं होतं म्हणायचं. आत्याबाईंनी एक डबी रांगेच्या अगदी मागून काढली, हातावर तोलली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसरी काढली, तोलली. मग हळूच झाकण उघडून आत पाहिलं. आत काही नव्हतं. त्यांनी तिसरीही उघडली, तीही रिकामी. मग डबी जागेवर ठेवून त्या माझ्याजवळ आल्या आणि बाजारातल्या त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "चाल इथून. हा पोट्टा रिकामे डबे इकून राह्यला."

मी त्यांना समजावलं, की चोरी होऊ नये म्हणून मांडणीत रिकाम्या डब्या ठेवतात आणि तबकड्या गल्ल्यामागे असतात. त्यांना ते पटायला वेळ लागला. गल्ल्यावरच्या, भुवईत बाळी घातलेल्या पोराने बिचाऱ्याने मागून तबकडी आणून दाखवली. आत्याबाईंनी ती उजेडात तिरपी धरून चरे पाहिले, आरशात पाहावं तसं स्वतःचं कुंकूही पाहून घेतलं, आणि मला विचारायला सांगितलं, हा खेळ किती जण खेळतात. एकच जण, पोरगा म्हणाला. त्यांनी तबकडी परत केली. पुढच्या गेमचं तेच, त्याच्या पुढच्याचंही तेच. गजूने सांगितलेले सगळे गाजलेले गेम एकट्यानेच खेळायचे होते. एक शूर माणूस, एक तलवार आणि चाळीस तासांची गोष्ट. आत्याबाईंनी एकही घेतला नाही.

विलास वैतागला. गजूने हेच मागितलेत, तो दुकान चालवतो, त्याला कळतं की तुला, असं तो बोलून गेला. तेव्हा आत्याबाई भर दुकानात, मांडणीला टेकून उभ्या राहिल्या.

"गजू आत बसते, त्याले खेयनारा दिसते," त्या म्हणाल्या. "मी त्याचा डबा घेऊन जात होती, तवा बाहीर बाकड्यावर बसून पायलं. एकट्याचा खेय लागला का एक पोट्टा गपचूप बसते अन् बाकीचे बस धरून घरी जाते. दोघाचा लागला का एक हारते. हारला थो उठत नाई, अन् मांगं उभे असते थे आपली बस सोडून देते. मले दोघाचे खेय पायजे, इलास. दुसरं कोनतं बी नोको."

विलासने खिशात हात घातले आणि तो दाराकडे गेला. मला मात्र मनातून फार मजा वाटली. दुकानात बसून एवढा विचार गजूनेही केला नसेल.

त्यांचा खरा मुलूख त्यांना दुसऱ्या दिवशी सापडला. तिकडे रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानात लोक आपापल्या गाड्या आणून लावतात, डिकी उघडतात आणि घरातलं नको झालेलं सामान समोर मांडून विकतात. कपबश्या, सायकली, पुस्तकं, पोरांनी टाकून दिलेले गेम. किमतीच्या चिठ्ठ्या कुठेच नसतात. आत्याबाई गाडीतून उतरल्या, पदर खोचला, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हे तं आपलाच बाजार हाय, बाप्पा."

त्या उन्हाळ्यात आमचा एकही रविवार घरात गेला नाही. पहिल्या रविवारी त्यांनी एक वापरलेली मशीन घेतली, गजूकडे होती तशीच, कारण बैल जुंपून पाहिल्याशिवाय घेत नाहीत. घेतलेला प्रत्येक गेम दुपारी आमच्या टीव्हीवर चालवून पाहिला जाई, आणि अडखळणारा गेम पुढच्या रविवारी त्याच गाडीसमोर परत जाई. तिथे पावतीची पद्धत नव्हती, पण आत्याबाईंचं लुगडं आणि कुंकू हीच पावती. त्यांना कोणी विसरू शकत नसे. सकाळी अगदी पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्या उभ्या राहत, बोहनीला कोणी नाही म्हणत नाही म्हणून. आणि दुपारी बाजार उठताना परत फेरी मारत, कारण उरलेलं सामान पुन्हा गाडीत भरायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. त्या वऱ्हाडीत बोलत, समोरचा इंग्रजीत बोले, आणि मी दुभाषी म्हणून मधे तोंड घातलं की दोघंही माझ्याकडे त्रासून बघत.

गेम निवडायची त्यांची रीत मात्र साफ चुकीची होती, आणि ते सांगितलं तर त्या ऐकत नसत. इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून त्या डबीवरचं चित्र पाहत. दोन माणसं असली की घ्यायचं. कुस्तीचा एक गेम आला, मारामारीचे तीन आले, दोन मोटारींची शर्यतही आली. पण क्रिकेटच्या एका झकास गेमवर एकटाच फलंदाज होता, म्हणून तो त्यांनी ठेवून दिला. मी पोटतिडकीने सांगितलं की आत दोघं खेळतात, अकरा-अकरा जण असतात. त्या म्हणाल्या, "मंग बाहीर एकटाच काहून काढला?" वर्ल्डकपवर जीव टाकणाऱ्या जिल्ह्यासाठी आम्ही क्रिकेटचा गेम सोडून आलो.

आणि याच रीतीने ती नाचाची डबी घरात आली.

हॅट घातलेली एक म्हातारी बाई होती, तिची नातवंडं मोठी झाली होती. तिच्या सामानात एक डबी होती, तिच्यावर एक मुलगा आणि एक मुलगी, दोघांचे हात वर. डबीच्या खाली प्लॅस्टिकच्या दोन घड्या घातलेल्या चटया होत्या, रंगीत बाणांच्या. आत्याबाईंनी ताबडतोब पाठ फिरवली आणि म्हातारीच्या कुंड्यांची चौकशी सुरू केली. मी ओळखलं की डबीचं भवितव्य ठरलं. बाजार उठताना आम्ही परत आलो. डबीचा सौदा झाला, तेव्हा त्यांनी त्या दोन चटयांकडे बोट दाखवून, वरतून दे, अशी खूण केली. म्हातारीने हसत हसत त्याही दिल्या. गाडीत आत्याबाई खूश होत्या. गजूच्या दुकानातली फरशी उन्हाळ्यात तापते आणि थंडीत गार पडते, थांबलेल्या पोरांना बसायला दोन सतरंज्या फुकटात मिळाल्या, असा त्यांचा हिशेब होता.

घरी विलासने घडी उलगडली, चटईला जोडलेली वायर पाहिली आणि तो खुर्चीत बसून हसायलाच लागला. "आई, हे बसाले नाई, नाचाले हाय," तो म्हणाला. पडद्यावर बाण येतात आणि गाण्याच्या तालावर चटईवरच्या त्या त्या बाणावर पाय मारायचा, हे त्याने सांगितलं, तसा आत्याबाईंचा चेहरा उतरला. दारव्ह्याच्या स्टँडसमोर भर दिवसा नाचणार कोण? विलास म्हणाला, टाकून दे. टाकून देणं हा शब्द त्यांच्या कानाला सोसत नसे. त्या म्हणाल्या, चालवून तर दाखव.

विलास चटईवर चढला. माझा नवरा बुद्धीने हुशार आहे, पण लग्नाच्या वरातीतसुद्धा तो टाळ्याच वाजवतो. बाण येऊन जात आणि मग त्याचा पाय पडे. आत्याबाई बराच वेळ त्याचे पाय बघत राहिल्या. मग त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि दुसऱ्या चटईवर उभ्या राहिल्या. पहिल्या खेपेला त्या हरल्या, कारण कोणता बाण कुठे आहे हे समजायचं होतं. दुसऱ्या खेपेला बरोबरी झाली. तिसऱ्या खेपेला त्यांचे पाय असे पडू लागले की मी हातातलं काम सोडून बघत उभी राहिले. त्या नाचत नव्हत्याच. हात बाजूला, पाठ सरळ, नजर समोर, आणि पाय एक-दोन, एक-दोन, ना घाई ना उशीर. विलास धापा टाकत खाली बसला तेव्हा त्यांचा एकही बाण चुकत नव्हता.

हे तुम्हाला कसं येतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, यात यायचं काय आहे, हे तर कापूस खुंदणं आहे. बाजाराला न्यायच्या गाडीत कापूस भरतात तेव्हा तो पायांनी दाबून बसवावा लागतो. लग्न होऊन आल्यावर त्या आणि त्यांची जाऊ गाडीत समोरासमोर उभ्या राहून हे काम करीत. दोघींचे पाय एका तालात पडले नाहीत तर कापूस एका अंगाला चढतो आणि गाडी वाटेत कलंडते. कित्येक वर्षं त्यांनी ते केलं होतं. जाऊ गेल्यानंतर त्या कधी गाडीत चढल्या नाहीत; एकटीने खुंदता येत नाही. हे सांगताना त्या मोकळ्या हसल्या आणि मला चटईवर ओढून म्हणाल्या, "ये, उभी राह्य माह्या सामोर."

मी तोवर त्यांची सून होते, त्या संध्याकाळी जाऊ झाले. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि मी तसं तोंडाने सांगितलंही. "चाय मांड," त्या म्हणाल्या.

परत जायच्या आधी त्यांनी मोठ्या दुकानातून एक कोरा गेमही घेतला, दोघांचा, वेष्टनासकट. तो उघडायचा नाही, दुकानाच्या दारात टांगायचा. कॉलेजजवळच्या दुकानाला दिसलं पाहिजे की आपल्याकडेही नवं येतं. भुवईत बाळी घातलेल्या पोराकडूनही त्यांनी काहीतरी वरतून मिळवलंच. एक रंगीत पोस्टर होतं, ते त्याने गल्ल्यामागून काढून दिलं. तबकड्या लुगड्यांच्या घड्यांत गेल्या, चटया बॅगेच्या तळाशी. विमानतळावर विलासने वाकून नमस्कार केला तेव्हा त्या बाजूच्या फुलांच्या कुंडीकडे तोंड करून मला विचारत होत्या, ही फुलं खरी आहेत की कागदाची. आत जातानाही त्यांनी वळून पाहिलं नाही.

आठवड्याने गजूचा फोन आला. तो रडकुंडीला आला होता. नव्या गेमची वाट पाहत बसलेल्या पोरांसमोर त्याने बॅग उघडली होती. आत एक कोरा सोडला तर सगळे जुने गेम, त्यात क्रिकेट नाही, आणि तळाशी नाचायच्या दोन चटया. पोरं हसून निघून गेली. कॉलेजजवळच्या दुकानात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पोचली. गजू म्हणाला, दादा, आता दिवाळीही कशाला, मी मित्राला येतो म्हणून कळवलं आहे. विलासने आईला फोनवर बोलावलं. आत्याबाईंनी एवढंच सांगितलं, की बाजाराच्या दिवसापर्यंत थांब म्हणावं त्याला.

पुढचं मी गजूच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. बाजाराच्या दिवशी आत्याबाई सकाळीच दारव्ह्याला आल्या. त्यांनी टीव्ही दाराकडे वळवून घेतला, चटया उंबऱ्याबाहेर ओट्यावर अंथरल्या आणि गजूला गाणं लावायला सांगितलं. गजू म्हणाला, "आई, लोक हासन." त्या म्हणाल्या, हसायला का होईना, थांबतील तर खरं. मग चप्पल काढून त्या एका चटईवर उभ्या राहिल्या आणि जोडीदारासाठी इकडेतिकडे पाहू लागल्या. गजू लाजेने आत लपला होता. पोरं लांब उभी राहून खिदळत होती. समोर यवतमाळची बस लागली होती आणि तिचा कंडक्टर, एक गलेलठ्ठ गृहस्थ, पानाच्या ठेल्यावर उभा होता.

"ओ मास्तर," आत्याबाईंनी धुऱ्यावरचा तो आवाज लावला, "या इकडं. म्हाताऱ्या बाईसंग जोडीनं उभं राहाले भेता काय?"

भर बाजारात असं विचारल्यावर कोण मागे हटेल? कंडक्टर पिंक टाकून आला, तिकिटांची पेटी गजूकडे दिली आणि चटईवर चढला. गाणं सुरू झालं. आत्याबाईंचे पाय एक-दोन, एक-दोन. कंडक्टर हरला आणि उठला नाही. पुन्हा लाव म्हणाला. बसमधली माणसं खिडक्यांतून बघू लागली, मग खाली उतरली. मेथीच्या जुड्या आणि मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बाया थांबल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी स्वतःच गर्दीत येऊन कंडक्टरला शिकवू लागला, की डावा पाय आधी टाक. तिसऱ्या खेपेलाही कंडक्टर हरला. तेव्हा गर्दीतून कोणीतरी चप्पल काढली, पॅन्ट वर दुमडली आणि म्हणालं, आता मी. आत्याबाई खाली उतरल्या आणि त्याला म्हणाल्या, आधी आत पैसे दे.

त्या दिवशी पहिल्यांदा गजूला दुकान बंद करण्यासाठी लोकांच्या हातापाया पडावं लागलं. कॉलेजची पोरं दुसऱ्याच दिवशी आली, हसायला आली आणि खेळायला थांबली. लोडशेडिंगमध्ये वीज गेली तरी उठेनात, ओट्यावर बसून वाट बघत. चटईसाठी थांबलेले कुस्ती खेळत, कुस्तीत हरलेले मोटारी. नवरात्रात एका मंडळाने चटया स्पर्धेसाठी नेल्या. दिवाळी आली आणि गेली. पुण्याच्या मित्राला गजूने काय कळवलं ते मला माहीत नाही, पण दिवाळीनंतर त्याने शेजारची खोलीही घेतली.

आम्ही त्यानंतरच्या हिवाळ्यात गावी गेलो. ती आमची आत्याबाईंशी शेवटची भेट, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. दारव्ह्याच्या स्टँडवर उतरलो तर गजूच्या दुकानासमोर सायकलींची गर्दी होती. चटयांना चांभाराकडून रेक्झिनची ठिगळं लावून घेतलेली दिसत होती. दारात तो कोरा गेम अजून वेष्टनातच लटकत होता, उन्हाने चित्र पांढुरकं झालेलं. आतून असा आरडाओरडा येत होता की एसटीची घोषणा ऐकू येऊ नये.

आत्याबाई बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. मांडीवर तुरीच्या ओल्या शेंगा, हात सोलण्यात, तोंड स्टँडकडे. समोर पुण्याची बस लागत होती, पोरं बॅगा टपावर चढवत होती. विलास आत गेला. गजू बाहेर आला, मला पाहून खूश झाला आणि आईला म्हणाला, "आई, आत ये ना. कंडक्टर आला हाय, तुलेच इचारून राह्यला. पाय तं खरं, किती लोक हाय."

"मले काय पाहाचं हाय त्याच्यात," त्या म्हणाल्या. मान वळवली नाही.

मी स्वेटरच्या बाह्या वर सारून त्यांच्याशेजारी बसले आणि शेंगा सोलू लागले. पुण्याची बस भरली, वळली आणि फाटकाबाहेर निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत होत्या. आत परतलेल्या गजूचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता, पुढचा नंबर कोणाचा म्हणून तो ओरडत होता. आत्याबाई दुकानाकडे पूर्ण पाठ करून बसल्या होत्या आणि मला विचारत होत्या, "हे सेटर केवढ्याले घेतलं, सूनबाई?"